अल्बर्टा कॅनडातून फुटणार का आणि तोवर कॅल्गरीत घर घ्यायचं थांबवावं का?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचा मुद्दा थोडक्यात असा: नवरा-बायको दोघंही पुण्यात आयटीत, पीआर (कायम राहायचा परवाना) हातात आलंय, अल्बर्टा प्रांतातल्या कॅल्गरीची ऑफर आहे, टोरांटोच्या मानाने घरं स्वस्त म्हणून पोचल्यावर वर्षभरात घर घ्यायचा विचार. पण सासऱ्यांनी कुठेतरी वाचलं की तेलवाला अल्बर्टा सार्वमत घेऊन कॅनडातून बाहेर पडणार, तेव्हापासून ते म्हणतायत की फुटणाऱ्या मुलखात पैसा अडकवू नका. हे खरं आहे का, का नुसती हवा?

उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे माझं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळचा चंद्रपूरचा, २००८ पासून कॅल्गरीत, काम क्रूड शेड्युलिंगचं. म्हणजे जमिनीतून निघालेलं तेल कुठल्या पाइपलाइनमध्ये, कुठल्या महिन्यात, किती बॅरल, कुठल्या टाकीत जाणार याचं टाइमटेबल लावायचं. एसटी डेपोतल्या कंट्रोलरसारखं समजा, फक्त गाड्यांच्या जागी तेल. मी वकील नाही, राजकारणातला नाही, आणि माझा पगार तेलातूनच येतो हे धरूनच पुढचं वाचा.

आता "फुटणार का" याचं एका शब्दात उत्तर हवं असेल तर माझा अंदाज नाही असा आहे, निदान तुमच्या घराच्या लोनच्या पहिल्या टर्ममध्ये तरी नाही. पण सासऱ्यांची भीती येडपट पण नाहीये. इथला राग खरा आहे, सह्या खऱ्या आहेत, रांगा मी डोळ्यांनी बघितल्यात. खरा प्रश्न हा आहे की तो राग नेमका कशाचा आहे आणि वेगळा देश झाल्याने तो मिटतो का. हे कळलं की घराचं आपोआप कळेल.

राग जुना आहे. अल्बर्टा प्रांत झाला १९०५ मध्ये, पण जमीन आणि खनिजं ओटावाने (राजधानी, म्हणजे केंद्र सरकारने) स्वतःकडेच ठेवली, ती प्रांताला मिळाली थेट १९३० मध्ये. मग फेब्रुवारी १९४७ ला प्रांताची राजधानी एडमंटनच्या दक्षिणेला लेड्यूकला तेल लागलं आणि गव्हावर जगणारा प्रांत एकदम श्रीमंत झाला. इथपर्यंत ठीक. खरी जखम १९८० ची. २८ ऑक्टोबर १९८० ला पिअर ट्रूडोच्या सरकारने नॅशनल एनर्जी प्रोग्रॅम आणला, देशातलं तेल जगाच्या भावापेक्षा स्वस्त विकायचं, वरून केंद्राचे नवे टॅक्स. त्या वेळी ट्रूडोंच्या पक्षाचा मॅनिटोबाच्या पश्चिमेला एकही खासदार नव्हता. म्हणजे ज्यांच्या खिशात हात घालायचा त्यांच्यातला एक माणूस पण सरकारी बाकांवर नाही! अल्बर्टाचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) पीटर लॉहीड टीव्हीवर आले आणि टप्प्याटप्प्याने तेलाचं उत्पादन कमी करू असं सांगून मोकळे झाले.

माझ्या शेजारी एक रिटायर्ड रिगवाले काका राहतात, वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्याकडे १९८२ चं बोलणं निघालं की काकू उठून किचनमध्ये जातात. व्याजदर वीस टक्क्यांच्या वर गेलेले, रिग अमेरिकेत निघून गेल्या, आणि कॅल्गरीत लोकांनी एका डॉलरला घरं विकली, म्हणजे घ्या चावी, लोन तुमचं, मी निघालो. काकांचं घर असंच गेलं. आता खरं बघितलं तर जगभर मंदी होती, व्याजदर सगळीकडेच वर होते, पुढे तेलाचा भाव पण पडला, सगळा दोष त्या एका योजनेचा नाही. पण हे काकांना सांगून बघा! त्यांच्या डोक्यात हिशोब एकच आहे की ओटावाने माझं घर घेतलं. पुढे २०१५ ला त्याच ट्रूडोंचा मुलगा पंतप्रधान झाला, तेव्हा इथे लोकांना काय वाटलं असेल त्याची कल्पना करा.

मला हे समजायला फार वेळ लागला नाही कारण आम्ही चंद्रपूरची माणसं. घरामागे औष्णिक केंद्राची चिमणी, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख, उन्हाळ्यात ४६-४७ डिग्री, आणि वीज मात्र मुंबई-पुण्याला. "कोळसा आमचा, धूर आमचा आणि उजेड तुमचा" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. १९५३ च्या नागपूर कराराचं नाव काढलं की आमच्याकडे अजूनही जेवणाच्या ताटावर वाद होतो. त्यामुळे काका बोलायला लागले की मला घरच्यासारखं वाटतं. पण एक मोठा फरक आहे तो लक्षात ठेवा, विदर्भवाले वेगळं राज्य मागतात, देश नाही. आणि दुसरा फरक याहून महत्त्वाचा.

तो असा की अल्बर्टाचं तेल आधीच अल्बर्टाचं आहे. हे भारतातल्या माणसाला पटकन पटत नाही. इथे जमिनीखालचे सुमारे ८१ टक्के खनिज हक्क प्रांत सरकारच्या मालकीचे आहेत, रॉयल्टी एडमंटनला जाते, ओटावाला नाही. १९८२ च्या घटनेत लॉहीडनी भांडून ९२-ए कलम घालून घेतलं, त्याने खनिजावरचा प्रांताचा हक्क आणखी पक्का झाला. ऑइल सँड्सची (डांबरासारखं तेल धरलेल्या वाळूची) रॉयल्टी तर अशी बांधलीय की प्रोजेक्टचा खर्च वसूल होईपर्यंत १ ते ९ टक्के, वसूल झाला की निव्वळ नफ्याच्या २५ ते ४० टक्के, तेलाच्या भावाप्रमाणे. आमच्या ऑफिसात ज्या महिन्यात एखादा प्रोजेक्ट "पेआउट" होतो, म्हणजे खर्च वसूल होतो, त्या महिन्यात अकाउंट्सवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. तर मुद्दा हा की "आमचं तेल ओटावा घेऊन जातं" हे शब्दशः खरं नाही. ओटावा घेतं इन्कम टॅक्स आणि कॉर्पोरेट टॅक्स, जो सगळ्या प्रांतांकडून सारख्याच दराने घेतं.

मग भांडण कशाचं? रस्त्याचं. तेल आमचं पण बाजाराला जायचा रस्ता दुसऱ्याच्या वावरातून. ज्यांच्या गावाकडे शेती आहे त्यांना हे एका वाक्यात कळेल, पाणंद अडवली की उसाचं काय होतं.

हे मला २०१८ च्या शरदात नीट कळलं, त्याआधी पुस्तकी माहीत होतं. अल्बर्टाचं जड तेल हार्डिस्टी नावाच्या गावात टाक्यांमध्ये जमा होतं, तिथून मेनलाइन नावाच्या पाइपलाइनने अमेरिकेच्या मिडवेस्टला जातं. दर महिन्याला आम्ही पाइपलाइनला पुढच्या महिन्याची मागणी देतो, याला नॉमिनेशन म्हणतात. सगळ्यांची मागणी पाइपपेक्षा जास्त झाली की सगळ्यांचीच कापतात. त्या वर्षी पाइप भरलेले, टाक्या भरलेल्या, अमेरिकेतल्या काही रिफायनऱ्या मेंटेनन्सला बंद, आणि मी एक्सेलवर बसून बघतोय की शंभर मागितले तर हातात किती येतात आणि उरलेलं कुठे घालू. रेल्वेच्या टँकरला फोन, टाकीवाल्याला फोन, शेवटी फील्डला फोन की बाबांनो विहिरी हळू चालवा. अमेरिकन तेलाच्या आणि आपल्या जड तेलाच्या भावातला फरक ऑक्टोबरमध्ये बॅरलला ४० डॉलरच्या पुढे गेला होता. नोव्हेंबरमध्ये आपलं तेल १५ डॉलरच्या खाली आलं. तेच तेल, तीच मेहनत, फक्त दारातून बाहेर काढता येत नाही म्हणून मातीमोल. डिसेंबरमध्ये तेव्हाच्या प्रीमियर रेचल नॉटली, ज्या डाव्या पक्षाच्या होत्या हे विसरू नका, त्यांनी जानेवारी २०१९ पासून दिवसाला ३,२५,००० बॅरल उत्पादन कापायचा हुकूम काढला. डाव्या सरकारने तेल कंपन्यांना वाचवायला उत्पादन कापलं, अशी ती वेळ होती.

आता या कोंडीमागची अडलेल्या पाइपलाइनींची यादी बघा. पश्चिमेला पॅसिफिकवरच्या किटिमॅटच्या किनाऱ्याकडे जाणारी नॉर्दर्न गेटवे, २०१४ ला मंजूर, २०१६ ला कोर्टाने मंजुरी रद्द केली आणि त्याच वर्षी सरकारने कायमची मारली. पूर्वेकडे जाणारी एनर्जी ईस्ट, २०१७ मध्ये कंपनीनेच सोडून दिली. अमेरिकेला जाणारी कीस्टोन एक्सएल, ओबामांनी नाकारली, ट्रम्पनी मंजूर केली, बायडननी २०२१ ला शपथ घेतल्याच दिवशी रद्द केली, आणि मधल्या काळात अल्बर्टा सरकारने त्यात घातलेले एक अब्जाहून जास्त डॉलर बुडाले. २०१९ ला ओटावाने दोन कायदे केले, एकाने शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर मोठे तेलाचे टँकर बंद, दुसऱ्याने मोठ्या प्रोजेक्टचं पर्यावरण परीक्षण इतकं पसरट की २०२३ ला सुप्रीम कोर्टानेच त्यातला बराच भाग घटनाबाह्य ठरवला. इथल्या लोकांना वाटतं आमचा गळा ठरवून आवळला जातोय. आणि मी टेबलाच्या या बाजूला बसून म्हणेन की पूर्ण चूक नाही वाटत त्यांचं.

पण याच यादीत एक गोष्ट लोक सोयीस्कर विसरतात. ट्रान्स माउंटन. खाजगी कंपनी कंटाळून निघाली तेव्हा पॅसिफिक किनाऱ्याला जाणारी ही पाइपलाइन त्याच ट्रूडोच्या मुलाच्या सरकारने २०१८ मध्ये साडेचार अब्ज डॉलरला विकत घेतली, वाढवायचा खर्च फुगत फुगत ३४ अब्जाच्या आसपास गेला, आणि मे २०२४ मध्ये सुरू केली. दिवसाला तीन लाखांवरून ८,९०,००० बॅरल. माझ्या कामात त्या दिवसापासून जो फरक पडला तो मी सांगू शकतो: भावातला तो फरक १०-१५ डॉलरवर आला आणि पहिल्यांदा आमच्या बोलण्यात चीन, कोरिया अशी नावं यायला लागली. हे पैसे कोणाचे? सगळ्या कॅनडाच्या करदात्यांचे, क्युबेकच्या पण. काकांना हे सांगितलं तर म्हणतात "तेवढं तर करायलाच हवं होतं". बरं.

दुसरी तक्रार पैशाची, इक्वलायझेशन. हे मराठी माणसाला समजवायची गरज नाही, आपल्याकडे पंधराव्या वित्त आयोगात महाराष्ट्राचा वाटा ६.३ टक्के आणि उत्तर प्रदेशचा जवळपास १८ टक्के, यावरून काय बोललं जातं ते माहीत आहे. इथे तेच, केंद्र कमी कमाईच्या प्रांतांना पैसे देतं, क्युबेकला वर्षाला १३ अब्जांच्या आसपास मिळतात आणि अल्बर्टाला १९६० च्या दशकाच्या मध्यापासून एक डॉलर नाही. लोकांना वाटतं एडमंटनहून क्युबेकला चेक जातो. तसा चेक नसतो. पैसा केंद्राच्या तिजोरीतून जातो, आणि अल्बर्टाच्या माणसाचा पगार जास्त म्हणून त्याचा टॅक्स जास्त, एवढंच. शिवाय अल्बर्टात प्रांताचा सेल्स टॅक्सच नाही, तुम्ही आलात की पहिल्याच बिलात कळेल, नुसते पाच टक्के केंद्राचे. म्हणजे हे वाटप ठरवणाऱ्या फॉर्म्युल्याच्या नजरेत हा असा भाऊ आहे की ज्याची कमाई मोठी आहे आणि घरात वर्गणी मागायला पण तो जात नाही. तरी निव्वळ हिशोब केला तर अल्बर्टा देतो जास्त आणि घेतो कमी, हे खरंच आहे, त्यात वाद नाही.

गंमत म्हणजे यावर आधीच एक सार्वमत झालंय. १८ ऑक्टोबर २०२१, प्रश्न होता घटनेतून इक्वलायझेशनचं तत्त्व काढायचं का, सुमारे ६२ टक्के लोक हो म्हणाले. पुढे काय झालं? काहीच नाही. एका प्रांताने घटना बदलत नाही. तेव्हाचे प्रीमियर जेसन केनी, ज्यांनी ते सार्वमत घेतलं, ते स्वतः पंतप्रधान हार्परच्या मंत्रिमंडळात होते, जेव्हा आजचा फॉर्म्युला बसवला गेला. हे सासऱ्यांना जरूर सांगा, कारण "सार्वमत झालं म्हणजे झालं" असं जे आपल्याला वाटतं त्याला हा चांगला उतारा आहे.

मग अलीकडे काय झालं? एप्रिल २०२५ ला पंतप्रधान मार्क कार्नींच्या लिबरल पक्षाने (ट्रूडोंच्याच) परत देशाची निवडणूक जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी अल्बर्टाच्या प्रीमियर डॅनिएल स्मिथ यांच्या सरकारने विधेयक आणलं ज्याने नागरिकांनी सार्वमत मागायची अट सोपी झाली. आधी अशा घटनात्मक विषयाला नोंदणीकृत मतदारांच्या २० टक्के सह्या लागायच्या, आता मागच्या निवडणुकीत झालेल्या मतांच्या १० टक्के, म्हणजे १,७७,७३२. मुदत पण ९० वरून १२० दिवस. फुटीरवाद्यांच्या आधी दुसऱ्याच बाजूने डाव टाकला, माजी उपमुख्यमंत्री टॉमस लुकासझुक यांनी "अल्बर्टाने कॅनडातच राहावं का" असा उलटा प्रश्न घेऊन चार लाखांहून जास्त सह्या आणल्या. फुटीच्या बाजूच्या प्रश्नावर डिसेंबर २०२५ मध्ये कोर्टाने म्हटलं की हा घटनेतल्या हक्कांशी आणि आदिवासी तहांशी विसंगत आहे, तर सरकारने कायदाच बदलून वाट मोकळी केली. ३ जानेवारी २०२६ ला सह्या गोळा करणं चालू झालं, मुदत २ मे २०२६ पर्यंतची. त्या जानेवारीत बाहेर उणे वीस होतं आणि लोक कम्युनिटी हॉलच्या बाहेर रांगेत उभे होते. शेजारचे काका गेले होते. काकू गेल्या नाहीत, त्यांनी आधीच लुकासझुकच्या कागदावर सही केली होती. एकाच घरात!

आता समजा सह्या झाल्या, मत झालं, आणि समजा ५१ टक्के हो आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन पासपोर्ट मिळत नाही. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने १९९८ ला क्युबेकच्या निमित्ताने सांगून ठेवलंय की कुठलाही प्रांत एकतर्फी बाहेर पडू शकत नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत आलं तर बाकीच्यांनी बोलणी करायलाच लागतील. मग २०००चा क्लॅरिटी अॅक्ट, ज्यात प्रश्न स्पष्ट आहे का आणि बहुमत पुरेसं आहे का ते ओटावाची संसद ठरवणार. आकडा कुठेच लिहिलेला नाही, आणि तो मुद्दाम लिहिलेला नाही असं मला वाटतं. मग बोलणी, कर्जाची वाटणी, पेन्शन, सीमा, बँफ आणि जॅस्पर ही नॅशनल पार्कं जी केंद्राची जमीन आहेत, सगळं. नुसत्या पेन्शनवरून किती ताणतं बघा, २०२३ ला अल्बर्टाच्या रिपोर्टने म्हटलं की कॅनडा पेन्शन प्लॅनच्या निम्म्याहून जास्त फंडावर, ३३४ अब्जांवर, आमचा हक्क आहे. म्हणजे देशातल्या साधारण आठात एक माणूस निम्मी तिजोरी मागतोय. वाटणीला बसल्यावर काय होईल ते भावकीचे वाद बघितलेल्या कोणालाही कळेल.

सार्वमत जिंकून पण हाती काही न लागल्याची उदाहरणं जगात आहेत, आणि ती सोन्या-तांब्याच्या मुलखातलीच आहेत. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने १९३३ मध्ये दोन तृतीयांश मतांनी ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायचा कौल दिला, आणि त्याच दिवशी फुटीच्या बाजूच्या प्रीमियरला निवडणुकीत घरी पाठवलं (मतदाराला काय हवं असतं ते देवच जाणे). अर्ज लंडनला गेला, ब्रिटिश संसदेने १९३५ ला ऐकून घ्यायलाच नकार दिला, विषय संपला. बूगनव्हिल हे पापुआ न्यू गिनीतलं बेट, तिथली पांगुना तांब्याची खाण १९८९ ला लोकांनी बंद पाडली, त्यावरून दहा वर्षं रक्त सांडलं, २०१९ ला सार्वमतात सुमारे ९८ टक्के लोक स्वातंत्र्याच्या बाजूने, आणि मधली सगळी वर्षं बोलणीच चालू. ९८ टक्क्यांचं हे, तर काठावरच्या ५१ चं काय घेऊन बसलात. आपल्याकडचं म्हणाल तर गोव्याचा १९६७ चा ओपिनियन पोल आठवा, फूल की दोन पानं, महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं. तिथे ३४ हजारांच्या फरकाने निकाल लागला आणि लगेच पाळला पण गेला, कारण दिल्लीने आधीच ठरवलं होतं की जो येईल तो मान्य. अल्बर्टाच्या बाबतीत असं आधी कोणीच काही कबूल केलेलं नाही.

आता माझ्या धंद्यातला मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहायला बसलो. राग रस्त्याचा आहे असं म्हटलं ना, तर वेगळा देश झाल्याने रस्ता मिळतो का? अल्बर्टाला समुद्र नाही. एक इंच पण नाही. इथल्या सभांमध्ये एक युक्तिवाद कायम ऐकू येतो की संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याप्रमाणे भूवेष्टित देशाला समुद्रापर्यंत जायचा हक्क आहे, मग ब्रिटिश कोलंबियाला पाइपलाइन द्यावीच लागेल. ऑफिसात लंचला एकाने हे इतक्या ठामपणे सांगितलं की मी घरी येऊन तो करार वाचला. हक्क आहे, पण त्याच्या अटी दोन देशांनी आपसात ठरवायच्या आहेत. आणि वाहतुकीची साधनं म्हणून जे लिहिलंय ते रेल्वे, जहाजं आणि रस्त्यावरच्या गाड्या. पाइपलाइन त्यात नाही, दोघांनी मिळून कबूल केलं तरच धरायची असं तिथेच लिहिलंय. आणि अमेरिका तर त्या कराराची सदस्यच नाही. म्हणजे आज जी पाइपलाइन ओटावा आपल्या अधिकारात प्रांताच्या डोक्यावरून मंजूर करू शकतं, ती उद्या परदेशाकडे मागायची. ट्रान्स माउंटनला ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारने इतका विरोध केला होता, ती शेवटी पूर्ण झाली कारण आंतरप्रांतीय पाइपलाइन हा केंद्राचा विषय आहे. हाच एक हुकमाचा पत्ता, आणि देश सोडला की तो हातातून जातो.

अजून एक गोष्ट जी बाहेरच्यांना माहीत नसते. ऑइल सँड्सचं बिटुमेन गारठ्यात डांबरासारखं घट्ट असतं, ते पाइपमधून जात नाही. त्यात कंडेन्सेट नावाचं पातळ तेल साधारण तीस टक्के मिसळायला लागतं. बरंचसं कंडेन्सेट येतं अमेरिकेतून, त्यातली एक पाइपलाइन चक्क कोचीन नावाची आहे (केरळशी काही संबंध नाही, मी पण आल्या आल्या फसलो होतो). म्हणजे बाहेर जायलाही पाइप दुसऱ्याच्या देशातून आणि आत मिसळायचं पण दुसऱ्याच्या देशातून. आपलं निर्यातीचं तेल अजूनही सुमारे नव्वद टक्के एकाच गिऱ्हाइकाकडे जातं. एकच गिऱ्हाईक असलेल्या दुकानदाराने भाव काय मागायचा? मग काही जण म्हणतात अमेरिकेलाच जाऊन मिळू. तो वेगळाच विषय आहे, आणि त्यात मालकी हक्काचं काय होईल यावर कोणी बोलत नाही.

आणि संपत्ती वाटून घ्यायची तर तिच्यामागची घाण पण वाटून घ्यायला लागेल. प्रांतभर हजारो जुन्या विहिरी पडून आहेत, काहींच्या तर कंपन्याच बुडाल्या, अशा विहिरी बुजवायला २०२० ला केंद्राने अल्बर्टाला एक अब्ज डॉलर दिले. फोर्ट मॅकमरेच्या उत्तरेचे टेलिंग्जचे (तेल काढून उरलेल्या गाळपाण्याचे) तलाव विमानातून बघा एकदा, उजनी आठवेल, फक्त त्यातून पाणी पिता येत नाही. १९७६ ला अल्बर्टाने तेलाच्या पैशाच्या बचतीसाठी सुरू केलेला हेरिटेज फंड, त्यानंतर नॉर्वेने १९९० ला फंड काढला आणि तो कुठल्या कुठे गेला, आपला ३० अब्जांच्या आसपास. याला ओटावा जबाबदार नाही. तेलाचे दिवस आले की टॅक्स कमी करायचे, भाव पडला की शिक्षक कमी करायचे, हे एडमंटननेच केलंय, सगळ्या सरकारांनी.

आदिवासींचा मुद्दा शेवटी लिहितोय पण वजनाला सगळ्यात जड तोच. सहा, सात आणि आठ नंबरचे तह १८७६, १८७७ आणि १८९९ चे, ब्रिटिश राजसत्तेबरोबरचे, म्हणजे अल्बर्टा प्रांत जन्माला यायच्या आधीचे. जवळपास सगळा प्रांत या तीन तहांच्या जमिनीवर आहे. त्यांचं म्हणणं सरळ आहे, आम्ही करार तुमच्याशी केलाच नव्हता, तुम्ही आम्हाला कुठे घेऊन चाललात? ऑइल सँड्सचा पट्टा बहुतेक आठ आणि सहाच्या तहात येतो. ज्याच्यासाठी एवढं सगळं, नेमकी तीच जमीन.

मग एवढी माणसं रांगेत का उभी राहिली? कारण दबाव चालतो. २७ नोव्हेंबर २०२५ ला कार्नी आणि स्मिथ यांनी पॅसिफिककडे नव्या पाइपलाइनसाठी करार केला, तेलावरची उत्सर्जनाची मर्यादा बाजूला ठेवली, कार्नींच्या एका मंत्र्याने त्यावर राजीनामा दिला. हे सार्वमताच्या भीतीशिवाय झालं असतं का? मला नाही वाटत. स्मिथ स्वतः म्हणतात की मला एकसंध कॅनडातच सार्वभौम अल्बर्टा हवाय. शेजारचे काका पण, खूप खोदून विचारलं तर म्हणाले "जायचं नाहीये रे, पण त्यांना घाम फुटायला पाहिजे". मात्र सगळे काकांसारखे नाहीत, काहींना खरंच जायचंय. जून २०२५ ला ओल्ड्सच्या पोटनिवडणुकीत, जिथून १९८२ ला एक फुटीरवादी आमदार निवडून आला होता, तिथे फुटीच्या बाजूच्या उमेदवाराला १८ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. त्यांच्या बालेकिल्ल्यात हे. तरी घाम फोडायला म्हणून मत देणारे आणि खरंच जायचं म्हणून मत देणारे एकाच पेटीत मत टाकतात, आणि मोजताना वेगळे करता येत नाहीत, एवढा धोका मी मानतो.

आता घराचं. धोका फुटण्याचा कमी आणि फुटण्याच्या चर्चेचा जास्त. क्युबेक प्रांतात १९७६ मध्ये फुटीच्या बाजूचं सरकार आलं आणि १९७८ मध्ये सन लाइफसारख्या विमा कंपनीने तिथल्या माँट्रियल शहरातलं हेड ऑफिस टोरांटोला हलवायचं जाहीर केलं, बाकीचे पण हळूहळू गेले. देश तुटला नाही, दोन्ही सार्वमतं हरली, १९९५ चं तर अगदी ४९.४ विरुद्ध ५०.६ वर, पण शहराचा पहिला नंबर गेला तो गेलाच. म्हणून तुमची नोकरी कुठल्या कंपनीत आहे ते बघा. कंपनी टोरांटोची असेल आणि कॅल्गरीत फक्त शाखा, तर ती शाखा किती पक्की ते विचारा. नोकरी तेलातली असेल तर सार्वमतापेक्षा तेलाचा भाव तुम्हाला आधी गाठेल, २०१५-१६ ला माझ्या मजल्यावरच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, त्यात कुठलंही सार्वमत नव्हतं. मी तुमच्या जागी असतो तर पहिलं वर्ष भाड्याने राहिलो असतो, पण ते हिवाळा, शाळा आणि ऑफिसचा रस्ता कळावा म्हणून. मग पाच वर्षं राहायचं नक्की असेल तर घेतलं असतं, हप्ता एका पगारात बसेल एवढंच. दोन वर्षांत विकून फायदा काढायचा विचार असेल तर नका घेऊ.

आणि सासऱ्यांना काळजीच करायची असेल तर गारांची करा म्हणावं. जून २०२० ला शहराच्या ईशान्य भागात, जिथे आपली देशी मंडळी जास्त राहतात, गारांनी भिंतींची सायडिंग चाळणीसारखी केली, विम्याचे दावे अब्जाच्या वर गेले, ऑगस्ट २०२४ ला त्याच भागात परत, जवळपास तीन अब्ज. घर बघायला गेलात की किचन बघायच्या आधी छप्पर किती साली बदललंय, कुठल्या शिंगल्सचं (छपरावरच्या पट्ट्यांचं) आहे आणि विम्यात गारांसाठी डिडक्टिबल (आपल्या खिशातून भरायची रक्कम) किती आहे ते विचारा. नंबर पाठवलात तर बघायला मी येतो, शनिवारी मोकळा असतो.